गुतो

कुडाळच्या तळवणेकर बाईंनी सहा आठवड्यांत
एकच गोष्ट धड शिकवली :
सरळ विंचरलेले केस उभे राहत नाहीत.
आधी उलटा कंगवा मारायचा, मुळाकडे,
गुंता करायचा,
आणि वरून एक पातळ थर ओढून
तो गुंता झाकायचा.

मथुराआते ऐकून घेते, पायरीवर बसून,
पाठ माझ्या गुडघ्यांमध्ये.
"अख्खो जल्म गुतो सोडवूक गेलो माजो,
नि तू मुद्दाम घालतस?"
हातात तिच्या जाळं आहेच, नुसतं बसणं तिला येत नाही.
मी वर घालते, ती खाली सोडवते.

बारा वाजता सोसायटीची सभा.
रात्री एलईडी लावून समुद्र उपसणाऱ्या बोटींवर
आज ती बोलणार, माइकवरून, नावानिशी.
तिचं मागणं एवढंच
की बोलताना हात केसांकडे जाऊ नये.

काल न्हाली नाही हे बरं झालं.
ताजे धुतलेले केस पिन धरत नाहीत,
ओल्या बांगड्यासारखे निसटतात.
माझ्याकडे बाटली आहे, साडेचारशेची,
वर छापलंय : समुद्री मीठ, नैसर्गिक पोत.
आते ती हातभर लांब धरून वाचते,
मग कानामागची एक बट ओढून माझ्या नाकाशी आणते.
"ह्यात काय कमी आसा?"
खरंच. चाळीस वर्षांचा खारा वारा.
बोटाभोवती गुंडाळून सोडली
तरी बट वळलेलीच राहते.
बाटली मी पिशवीत परत ठेवते.

अडचण टाळूवर.
तिथे रुपयाएवढी, नाही,
वाटीएवढी जागा विरळ.
चुंबळ बसायची ती ही जागा.
निवतीहून म्हापणच्या बाजारापर्यंत पायी,
पाटीचं पाणी कपाळावरून हनुवटीला.
मी काही बोलत नाही. तीही नाही.

तुषारचा शाळेचा मोजा घेते, टाच फाटलेला,
पुढचं टोक कापते,
गुंडाळत गुंडाळत त्याचं कडं करते.
बाई त्याला डोनट म्हणायच्या.
आते कडं दाबून बघते
आणि सकाळपासून पहिल्यांदा जाळं खाली ठेवते.
"ही तर चुंबळ."
"व्हय. पण हिच्यार काय ठेवूचा नाय."

मग मागचे केस त्यावरून, सैलसर,
एकेक बट पिळून, शेपूट आत खोचून,
पिळाच्या कडा बोटांनी जरा जरा उपसून
म्हणजे अंबाडा ताठ नाही, भरलेला दिसतो.
दातांत पिना, म्हणून "हालू नको"
मला नाकातून म्हणावं लागतं.
समोरच्या दोन बटा मोकळ्या सोडा, बाई सांगायच्या.
आते सांगते, बांध. बांधल्या.
सुरंगीचा वळेसर आणून ठेवला होता.
"लग्नाक नाय जातंय."
तो आरशाच्या खिळ्याला लटकला.
सतरा पिना. मी मोजतेच,
कोर्सला परत द्याव्या लागायच्या.

दिवेलागणीला आली, घसा बसलेला,
अंबाडा जागच्या जागी,
डावीकडे तेवढी एक बट कुणाशी तरी भांडून उभी.
काय झाला, विचारलं.
म्हणाली, चाय बरी होती.

रात्री पिना काढते, स्टीलच्या ताटलीत, एकेक वाजवत.
सोळा.
पुन्हा चाचपते, मानेपाशी, कडेने.
"शोधू नको," डोळे मिटूनच म्हणते,
"एक ठरावाच्या कागदांक लायलंय.
पंख्यान उडत होते."

मुळाशी मी घातलेला गुंता तसाच आहे.
वरून ओढला तर तुटेल;
टोकाकडून सुरू करते, तिने जाळ्यावर शिकवलं तसं,
आधी सैल जागा शोधत.
मोज्याचं कडं तिच्या मांडीवर,
दोन बोटं त्यात अडकवून ती पेंगतेय.
खळ्यातून तुषार विचारतोय,
माजो मोजो खय?